आक्काचे दात आणि पन्नास ग्रॅमचे बळ

माझी थोरली बहीण लग्न होऊन हैदराबादला गेली ती १९७० साली. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. गोव्याहून निघाली तेव्हाच तिचे पुढचे दोन दात नकली होते. घरच्यांखेरीज ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नव्हती. आज ती इथे लिहितो आहे ती तिच्या परवानगीने. "लिही, पण नावगाव घालू नकोस," असे तिने बजावले आहे, तेव्हा नावगाव घालत नाही.

त्याचे असे झाले. मध्यंतरी तिच्याकडे पंधरा दिवस राहण्याचा योग आला. गेलो तर घरात सगळे गप्प गप्प. तिच्या नातीचे वरचे सुळे बाहेर आलेले आणि पटाशीचे दात एकमेकांवर चढलेले. वय वर्षे तेरा. दंतवैद्याने तारा बसवायला सांगितल्या होत्या. मुलगी तयार, आईबाप तयार, आणि आक्का मात्र आडवी पडलेली. "पोरीच्या दातांना कोणी तार लावायची नाही की रबर लावायचे नाही. मी आहे तोवर तर नाहीच." भाच्याने मला गॅलरीत नेऊन हळूच सांगितले, "मामा, तूच काय ते समजाव. तिच्या दातांची गोष्ट तुला ठाऊक आहे."

ठाऊक होती. तेव्हा मी तेरा वर्षांचाच होतो. आक्का वीस वर्षांची, दिसायला चांगली, पण वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये फट. पाहायला येणारी मंडळी चहा पिऊन जात आणि नंतर निरोप येई तो गोडगोड शब्दांतला नकार. १९६९ सालची गोष्ट. गोवा मुक्त होऊन आठ वर्षे झाली होती. पणजीचे जुने मेडिकल स्कूल, १८४२ पासूनचे, नुकतेच कॉलेज झाले होते. पण दातांचे कॉलेज गोव्यात यायला १९८० साल उजाडायचे होते. दात सरळ करणारा डॉक्टर असतो हे मुंबईला जाऊन आलेल्यांनाच माहीत. अशाच एका मुंबईच्या मैत्रिणीने आक्काला युक्ती सांगितली: दोन्ही दातांभोवती मिळून एक बारीक रबराचे कडे घालायचे, फट आपोआप मिटते.

आणि मिटली की हो! आठ-दहा दिवसांत दात एकमेकांना टेकले. आईने देवापुढे साखर ठेवली. एके दिवशी सकाळी रबर दिसेना. झोपेत गिळले असेल म्हणून कोणी मनावर घेतले नाही. पुढे हिरडी सुजली, दात लांब दिसू लागले, मग हलू लागले. दोन महिन्यांनी दोन्ही काढावे लागले, तेव्हा ते हरवलेले रबर सापडले. ते वर, मुळांच्या टोकाशी जाऊन बसले होते.

आता पंचावन्न वर्षांनी तिचा प्रश्न असा: "माझ्या दातांना रबरच लावले होते. हे लोकही रबर लावतात, वर तार. मग माझे गेले आणि हिचे जाणार नाहीत हे कशावरून?"

प्रश्न रास्त होता आणि उत्तर माझ्याकडे नव्हते. मला कुठल्याही गोष्टीचे उत्तर आधी तिच्या इतिहासात शोधायची खोड आहे. त्या पंधरा दिवसांत वाचले, नातीच्या डॉक्टरांना विचारून भंडावले, आणि परत आल्यावरही वाचत राहिलो. वाचकहो, त्यातून जे हाती लागले ते असे.

आपल्याला वाटते दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला असतो. तसे नाही. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड ह्यांच्यामध्ये एक अस्तर असते, जाडी सुमारे ०.२ मिलिमीटर. त्यात हजारो बारीक तंतू, रक्तवाहिन्या, पेशी आणि द्रव. दात ह्या तंतूंवर टांगलेला असतो, काथ्याच्या जाळीत टांगलेल्या हंडीसारखा. आपण सुपारी फोडतो तेव्हा दाढेवर काही किलोंचे, प्रसंगी पन्नास किलोंपर्यंतचे बळ येते. तरी दाढ जागची हलत नाही, कारण ते बळ क्षणभराचे असते आणि अस्तरातला द्रव ते झेलून घेतो. उलट चार-सहा तास सतत राहणारे किरकोळ बळ मात्र दाताला हलवू शकते. द्रव बाजूला सरतो, तंतू एका बाजूला दबतात आणि दुसऱ्या बाजूला ताणले जातात. दबलेल्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी येतात, ताणलेल्या बाजूला हाड घालणाऱ्या. पुढची भिंत खोदली जाते, मागची बांधली जाते, आणि दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. म्हणजे तार दात हलवत नाही. तार फक्त निरोप देते आणि काम शरीर करते.

हे माणसाला कळायला फार वेळ लागला. रोमच्या सेल्ससने पहिल्या शतकात लिहून ठेवले होते की दुधाचा दात पडायच्या आधी पक्का दात उगवला तर दुधाचा काढावा आणि नव्याला रोज बोटाने ढकलत जावे. किती साधा उपाय, आणि किती बरोबर! १७२८ साली पॅरिसच्या पिएर फोशारने दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात धातूची एक चपटी कमानदार पट्टी आहे. दात तिला दोऱ्याने बांधायचे म्हणजे ते पट्टीकडे ओढले जातात. पुढे शंभर-दीडशे वर्षे स्क्रू, स्प्रिंगा, कप्प्या असे नाना प्रकार झाले. सगळ्यांचा रोख एकच: दात कसा ओढायचा. किती ओढायचा, हे विचारणारे थोडे.

ह्या विद्येचे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले त्याचा अर्थ 'सरळ'. ऑर्थोपेडिक हा शब्द त्याचाच थोरला भाऊ. तो बनवला फ्रान्सच्या निकोला आंद्रीने, १७४१ साली, मुलांची वाकडी हाडे सरळ करण्यावरच्या पुस्तकात. त्या पुस्तकातले चित्र जगभरच्या हाडवैद्यांचे बोधचिन्ह झाले आहे. एक वाकडे झाड, शेजारी सरळ खुंट, आणि दोघांना बांधलेली दोरी. आपल्या कुळागरात कलंडलेल्या पोफळीला आपण असाच टेकू देतो. झाडाला दोरी आवळून बांधली तर ते सरळ होत नाही, साल कापते. हे कुळागरातल्या गड्याला समजत होते, पण दातांच्या बाबतीत ते सिद्ध व्हायला १९०४ साल यावे लागले.

ते सिद्ध केले कार्ल सँडस्टेट नावाच्या स्वीडिश दंतवैद्याने. त्याने कुत्र्याच्या दातांना तार बांधून ते तीन आठवडे हलवले आणि मग जबड्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. (मुक्या प्राण्यांच्या ह्या छळाबद्दल वाईट वाटते खरे, पण हैदराबादचेही हात ह्यात काही कोरडे नाहीत. १८८८ आणि १८८९ साली निजामाच्या पैशाने इथे क्लोरोफॉर्मचे दोन आयोग बसले. किती गुंगी दिली म्हणजे जीव जातो हे पाहण्यासाठी त्यांनी शेकडो प्राणी, बहुतेक कुत्रेच, वापरले. आणि एवढे करून क्लोरोफॉर्मने हृदयाला धोका नाही असा चुकीचा निष्कर्ष काढला.) सँडस्टेटचा निष्कर्ष मात्र टिकला. बळ हलके असेल तिथे दाबाच्या बाजूचे हाड समोरून, सरळ खाल्ले गेले होते. बळ जड असेल तिथे अस्तरातल्या रक्तवाहिन्या चिरडल्या होत्या, पेशी मेल्या होत्या, आणि अस्तर काचेसारखे निर्जीव झाले होते. अशा ठिकाणी हाड खाणाऱ्या पेशी येणार कुठून? रक्तच नाही! मग शरीर मागल्या दाराने, हाडाच्या आतल्या बाजूने पोखरत येते. त्यात दिवसच्या दिवस जातात आणि तोवर दात जागचा हलत नाही. सँडस्टेट त्याच वर्षी, तरुण वयातच वारला. त्याचे काम जर्मनमध्ये छापले होते आणि इंग्रजी जगाने त्याकडे बरीच वर्षे लक्ष दिले नाही. मला ह्या माणसाबद्दल फार हळहळ वाटते.

१९३२ साली श्वार्ट्स ह्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने त्याला आकडा दिला. अस्तरावरचा दाब बारीक रक्तवाहिन्यांतल्या रक्तदाबापेक्षा जास्त नसावा. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम. पुढच्या एका दाताच्या मुळाचे क्षेत्रफळ दोन चौरस सेंटिमीटरच्या आसपास. हिशेब करा म्हणजे थक्क व्हाल. आज जे आकडे शिकवतात तेही ह्याच घरातले आहेत. दात नुसता कलता करायचा असेल तर ३५ ते ६० ग्रॅम. उभाच्या उभा सरकवायचा तर ७० ते १२०. आणि हाडात आत दाबायचा तर फक्त १० ते २०, म्हणजे पूर्वी ती जाड पाच रुपयांची नाणी होती, तसली एक किंवा दोन.

हे तीन वेगळे आकडे का, हाच खरा गाभा आहे. आक्काला मी तो समजावला तो गणपतीच्या मांडवाच्या मेढीवरून.

"पावसाने भिजलेल्या अंगणात मेढ पुरलेली आहे. तिला वरच्या टोकाला दोरी बांधून ओढली तर काय होईल?"

"कलंडेल."

"आणि जमिनीतले टोक?"

तिने क्षणभर विचार केला. "ते उलटीकडे जाईल."

अगदी तसेच दाताचे. दाताचा दिसणारा भाग म्हणजे मेढीचा वरचा भाग, आणि आपल्याला धरता येतो तो तेवढाच. बळ तिथे लावले की दात हाडातल्या एका बिंदूभोवती फिरतो आणि कलतो. मग दाब सगळ्या मुळावर सारखा पसरत नाही. एका बाजूला हिरडीजवळच्या काठावर आणि दुसऱ्या बाजूला मुळाच्या टोकाशी, अशा दोनच ठिकाणी गोळा होतो. मधला भाग मोकळाच. म्हणून कलवताना बळ कमी हवे, कारण सगळा भार त्या दोन चिमटींवर. दात उभाच्या उभा सरकवता आला तर दाब मुळाच्या संपूर्ण बाजूवर पसरतो, म्हणून दुप्पट बळ चालते. आत दाबताना सगळा भार मुळाच्या टोकावर, सुईच्या अग्रावर यावा तसा. तिथे मूळच झिजायचा धोका, म्हणून नाण्यांचे वजन.

मग दात उभा सरकवायचा कसा? मेढीला जमिनीखाली दोरी बांधता येत नाही. इथे अमेरिकेच्या एडवर्ड अँगलचे नाव येते. हट्टी आणि भांडकुदळ माणूस, सगळ्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात तोंडात मावलेच पाहिजेत असा त्याचा दुराग्रह. तरी ह्या शास्त्राचा बाप तोच. आयुष्याच्या अखेरीस, १९२८ च्या सुमारास, त्याने प्रत्येक दातावर चौकोनी खाचेचे ब्रॅकेट बसवून त्यात चौकोनी तार घातली. गोल खाचेत गोल तार फिरते. चौकोनी खाचेत चौकोनी तार फिरत नाही, ती पाना होते आणि दात नट होतो. एकाच वेळी तार दाताला ओढतेही आणि त्याच्या मुळाला पिळा देऊन मागे पडू देत नाही. ओढ आणि पिळा ह्यांचे प्रमाण बरोबर जमले की दात कलत नाही, सरकतो. नातीच्या दातांवर आज जे चिमुकले चौकोन चिकटवलेले आहेत, त्यांच्यात अँगलची तीच खाच आहे.

आणखी एक अडचण म्हणजे न्यूटन. एका दाताला ओढायचे तर दुसऱ्या कशाला तरी धरून ओढावे लागते, आणि तेही तितक्याच बळाने ओढले जाते. किनाऱ्यावर दोन होड्या एकमेकींना बांधून ओढल्या तर जी हलकी ती सरकते. म्हणून पुढच्या दातांना मागच्या मोठ्या दाढांचा आधार घेतात. दाढेला मुळे जास्त आणि त्यांचे क्षेत्रफळ पुढच्या दाताच्या दुपटीहून अधिक. तेच बळ तिथे जास्त जागेवर पसरते आणि दाढ सहसा दाद देत नाही. पण १९५२ साली मेलबर्नच्या स्टोरी आणि स्मिथ ह्यांनी एक गमतीची गोष्ट दाखवली. सुळा मागे ओढायला सुमारे १५० ते २०० ग्रॅमचे बळ लावले तर सुळा सरकला. ४०० ते ६०० लावले तर सुळा तिथेच अडून बसला आणि त्याच्याऐवजी दाढा पुढे आल्या! जास्त जोर केला तर नको ते हलते. घाईने काम लवकर होत नाही, भलतेच होते.

ऑस्ट्रेलियाच्याच रेमंड बेग ह्या अँगलच्या शिष्याने ह्याचा फायदा घेतला. गुरूचे न ऐकता तो गरजेप्रमाणे दात काढू लागला, आणि विल्कॉक नावाच्या धातुतज्ज्ञाकडून त्याने पातळ पण लवचीक अशी पोलादी तार करवून घेतली. १९५६ साली त्याने आपली हलक्या तारेची पद्धत मांडली. आपल्याकडच्या दंतमहाविद्यालयांत एकेकाळी तीच रुजली होती. भारतात हे शास्त्र तसे नवेच. कलकत्त्याला डॉ. रफिउद्दीन अहमद ह्यांनी पहिले दंतमहाविद्यालय काढले १९२० साली, मुंबईचे नायर १९३३ चे, हैदराबादचे सरकारी दंतमहाविद्यालय १९५९ चे, आणि दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांची अखिल भारतीय संस्था १९६५ ची. म्हणजे आक्काने रबर घातले त्या साली ह्या देशात हे ज्ञान होते. फक्त आमच्या वाड्यापर्यंत पोहोचले नव्हते.

आता हैदराबादची खरी गोष्ट. नातीच्या डॉक्टरांनी तारेचे एक टोक माझ्या हातात दिले आणि दुमडायला सांगितले. दुमडली, सोडली, पुन्हा सरळ. "ही निकेल-टायटॅनियमची," ते म्हणाले, "मूळची क्षेपणास्त्राची." मला वाटले चेष्टा करतात. पण खरे आहे. १९५०-६० च्या सांध्यावर अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर हा धातुतज्ज्ञ क्षेपणास्त्राच्या टोकासाठी उष्णता सोसणारा मिश्रधातू शोधत होता. त्याला हा सापडला. एका बैठकीत घड्या घातलेली त्याची पट्टी हातोहात फिरत असता कोणीतरी तिला पाइप पेटवायचा लायटर लावला, आणि पट्टी सगळ्यांदेखत उलगडून सरळ झाली. धातूला आपला मूळ आकार आठवत होता! १९७० च्या दशकात आयोवाच्या जॉर्ज अँड्रीसनने त्याची दातांची तार केली. पुढे चीन आणि जपानमध्ये तिचे आणखी सुधारलेले प्रकार निघाले. त्यांचा गुण असा की तार जास्त वाकवा की कमी, ती परत येताना देते ते बळ जवळजवळ तेवढेच राहते. पोलादी तार पहिल्या दिवशी ठणका देते आणि आठवड्यात सुस्त होते. ही महिनाभर एकाच हळू आवाजात बोलत राहते. श्वार्ट्सने कागदावर मागितले होते ते बळ प्रत्यक्षात मिळाले ते असे, क्षेपणास्त्राच्या वळचणीला.

आणि ज्या शहरात बसून मी हे ऐकत होतो ते तर क्षेपणास्त्रांचेच शहर. डॉ. अब्दुल कलाम १९८२ साली हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून आले आणि 'अग्नी'ची पहिली चाचणी २२ मे १९८९ रोजी झाली. त्यानंतरची एक हकीकत ते स्वतः भाषणांतून पुष्कळदा सांगत. निजाम्स इन्स्टिट्यूटचे एक हाडांचे डॉक्टर त्यांच्या प्रयोगशाळेत आले होते. क्षेपणास्त्रासाठी बनवलेला हलका संमिश्र पदार्थ त्यांनी हातात उचलून पाहिला आणि कलामांना थेट आपल्या रुग्णालयात नेले. तिथे पोलिओ झालेली लहान मुले तीन-तीन किलोंच्या धातूच्या कॅलिपर पायाला बांधून पाय फरफटत चालत होती. तीन आठवड्यांत त्याच पदार्थाच्या ३०० ग्रॅमच्या कॅलिपर तयार झाल्या. मुले पळू लागली, आणि आईबापांचे डोळे भरून आले.

ह्या गोष्टीत सगळे वजनाचेच कौतुक करतात. मला मात्र त्या कॅलिपरची करणी जास्त मोलाची वाटते. ती पाय आवळून धरत नाही. पाऊल टेकले की जमीन उलट रेटा देते. हा रेटा ती नडगीच्या पुढच्या बाजूला असलेल्या रुंद कवचावर पसरवते आणि गुडघा मागे ढकलून ताठ ठेवते. म्हणजे जोर जमिनीचाच, कॅलिपरने फक्त तो कुठे पोहोचवायचा आणि किती जागेवर पसरायचा एवढे ठरवायचे. आंद्रीचा खुंट, अँगलची खाच आणि पंजागुट्ट्याच्या ह्या इस्पितळातली कॅलिपर, ही एकाच घराण्यातली मंडळी.

दातावर दाब नेमका कुठे गोळा होतो हे डोळ्यांनी दिसू लागले तेही विमानविद्येमुळेच. विमानाच्या पंखावर येणारा ताण मोजायला १९५६ च्या सुमारास अमेरिकेत एक गणिती पद्धत निघाली. अख्खी वस्तू हजारो बारीक तुकड्यांत कल्पायची आणि प्रत्येक तुकडा शेजाऱ्याला किती ढकलतो ते संगणकाने काढायचे. १९७० च्या दशकात ती दातांना लावली गेली. डॉक्टरांच्या संगणकावर मी तसे एक चित्र पाहिले. निळा दात, आणि त्याच्या मुळाशी दोन ठिकाणी लाल डाग, एक हिरडीच्या काठाला, एक टोकाला. मेढीचीच गोष्ट, रंगीत. म्हाताऱ्या माणसाचे हाड झिजलेले असले तर तेच बळ किती वाईट ठरते तेही त्यांनी दाखवले. जमिनीतला भाग कमी, वर दिसणारा जास्त, मेढ लगेच कलंडणार. हल्ली तारेऐवजी पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यांची चलती आहे, १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते आले. त्यांची जाहिरात फार, पण दाबाचे नियम त्यांनाही तेच.

आता आक्काच्या रबराकडे. दाताचे मूळ गाजरासारखे असते, वर निमुळते होत गेलेले. गाजराभोवती घट्ट रबर घाला, ते हळूहळू बारीक टोकाकडेच घसरणार. वरच्या दातांचे बारीक टोक म्हणजे हिरडीच्या आत, वर. रबर हिरडीखाली शिरले. एक्स-रेतही रबर सहसा दिसत नाही, मग आरशात कुठून दिसणार! आत गेल्यावर ते एका रेषेएवढ्या जागेवर, सगळ्या बाजूंनी, रात्रंदिवस आवळत राहिले. अस्तर कापत गेले. रक्त नाही, पेशी नाहीत, हाड खचत गेले, आणि दात तळहातावर ठेवलेल्या बीसारखे बाहेर सटकले. त्या रबराचे बळ फार होते असेही नाही. त्याला धरायला खाच नव्हती, अडायला आकडा नव्हता, आणि कोणी त्याच्यावर डोळा ठेवून नव्हते.

हे सांगितल्यावर आक्का बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे फट मिटली तेव्हाच कोणी काढून टाकले असते तर..." मी मान डोलावली. तिने पदराने चष्मा पुसला. संध्याकाळी तिने नातीला जवळ बसवले, आपले दोन्ही दात काढून तिच्या हातावर ठेवले आणि सगळी हकीकत तिला सांगितली. त्या मुलीने पंधरा वर्षांच्या आत कोणी ऐकू नये अशी ती मुलगी बघण्याची वर्णने ऐकली आणि भलतीच खवळली. ते वेगळेच प्रकरण आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

तारा बसल्या. पहिले चार दिवस खिचडी आणि चहात बुडवलेली उस्मानिया बिस्किटे. मी गोव्याला परतलो.

सहा-सात महिन्यांनी रात्री दहा वाजता आक्काचा फोन. आवाज कापत होता. "अरे, त्यांनी रबर दिलेत! पुडीभर!"

मी विचारले, "लावायचे कुठे?"

"वरच्या सुळ्याच्या आकड्याला एक टोक, खालच्या दाढेच्या आकड्याला दुसरे."

"दाताच्या भोवती नाही ना?"

फोनवर थोडी शांतता. मागून नातीचा आवाज, "आजी, मी तुला हेच सांगत होते!" मग आक्का पुडी वाचू लागली. पुडीवर रबराचे माप आणि त्याचे बळ किती औंस, दोन्ही छापलेले होते. रोज नवे लावायचे, जुने टाकून द्यायचे.

"माझ्या रबरावर काही लिहिलेले नव्हते," ती म्हणाली.

भाचा सांगतो, आता रोज सकाळी नातीला शाळेत जायच्या आधी आजीसमोर उभे राहावे लागते. दोन नवे लावायचे आणि दोन जुने आजीच्या हातात द्यायचे. ती ते मोजून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकते. एखाद्या दिवशी एकच परत आला तर सापडेपर्यंत स्कूलबस खाली हॉर्न वाजवत उभी असते.